तरुण पोरांना गाडीचा इन्शुरन्स महाग लावणं रास्त आहे का, हे आपलं आपण कसं ठरवायचं

भाच्याचा फोन आला तेव्हा तो एवढा तापलेला होता की मला वाटलं याने गाडी ठोकली. ठोकायला गाडी अजून घेतलीच नव्हती, नुसते इन्शुरन्सचे ऑनलाइन कोट, म्हणजे किती पैसे पडतील त्याचे अंदाज, काढले होते आणि आकडा बघून डोकं फिरलं होतं. "मावशी, मी अजून काही केलंच नाहीये आणि मला दंड कसला?" मागून त्याच्या बहिणीचा आवाज आला, "दादा, तुझ्या मित्रांना विचार ना कसला ते." मग दोघांची तिथेच जुंपली आणि मी फोन स्पीकरवर टाकून चहा संपवला.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं, हीच पंचाईत आहे या विषयाची. मी बरीच वर्षं क्लेमच्या फायली बघण्यात घालवली आहेत त्यामुळे घरात असलं काही निघालं की सगळे माझ्याकडे येतात, आणि दरवेळी मी तेच तेच सांगते, म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकावं. शेवटी माझं मत सांगणार आहेच, पण ते पटलंच पाहिजे असं काही नाही. मत बनवायचं कसं ते सांगते.

आधी फॉर्म घेऊन बसा

वाद घालायच्या आधी हे करा, अर्धा तास लागतो. कोटचा फॉर्म उघडा, स्वतःची खरी माहिती भरा, आकडा वहीत लिहा. मग एका वेळी एकच खाना बदला. वय १९ चं २६ करा, आकडा लिहा, परत १९ वर आणा. लायसन मिळून किती वर्षं झाली तो खाना बदला, परत मागे या. गाडीचं इंजिन मोठं-लहान करून बघा, वर्षाचे किलोमीटर निम्मे करून बघा, आणि पुरुषच्या जागी स्त्री करून बघा. एकदम दोन खाने बदलू नका, मग काहीच कळत नाही कशाने काय झालं. आणि हे फक्त बघण्यापुरतं, पॉलिसी घेताना खरं तेच भरायचं, हे वेगळं सांगायला नको पण सांगते कारण मी लोकांना ओळखते.

भाच्याने केलं हे सगळं. कागदावर रकाने आखून, शहाण्यासारखं. आणि त्याचा चेहरा पडला, कारण पुरुष-स्त्री केल्यावर आकडा हलला खरा, पण वय आणि लायसनची वर्षं बदलल्यावर जेवढा हलला तेवढा नाही, आणि त्याला जी गाडी हवी होती ना, दणदणीत इंजिनवाली, ती काढून साधी टाकल्यावर तर आकडा धपकन खाली आला. म्हणजे ज्या अन्यायावर तो एवढा बोंबलत होता त्यातला बराचसा हिस्सा त्याने स्वतः निवडलेल्या गाडीचा होता! हे सगळ्यांच्या बाबतीत असंच निघेल असं नाही. पण बघितल्याशिवाय भांडू नका.

काही ठिकाणी तर पुरुष-स्त्री बदलून आकडा हलणारच नाही. युरोपियन युनियनमध्ये २१ डिसेंबर २०१२ पासूनच्या नव्या पॉलिसींना लिंगावरून वेगळा दर लावता येत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून खाजगी गाड्यांच्या इन्शुरन्समध्ये ते बंद आहे. हवाईमध्ये तर लिंगच काय, वय आणि किती वर्षं चालवताय हे सुद्धा दर ठरवायला वापरता येत नाही. म्हणजे "याशिवाय धंदाच चालू शकत नाही" असं कुणी सांगितलं तर ते काही खरं नाही, चालतोय की.

आकडा कशाचा आहे ते विचारा

आता बहिणीची बाजू. तरुण पोरं जास्त ठोकतात हा नुसता समज आहे का? तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात रस्त्यावर वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं मरतात, ५ ते २९ या वयात मरणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि मरणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण बायकांच्या जवळपास तिप्पट. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचे जीवघेणे अपघात, प्रत्येक मैलामागे मोजले तर, वीस आणि त्यापुढच्या वयाच्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट. वय आणि पुरुष असणं दोन्हीचा संबंध आहे, त्यात वाद नाही.

पण इथे थांबायचं आणि विचारायचं, हा आकडा नेमका कशाचा? मरणाऱ्यांचा आकडा म्हणजे त्यात मागे बसलेले आले, पायी चालणारे आले, पोटासाठी दिवसभर ट्रक चालवणारे आले. तो काही १९ वर्षांच्या पोराच्या गाडीच्या प्रीमियमचा आकडा नव्हे. कंपनीला दोनच गोष्टींशी मतलब असतो, क्लेम किती वेळा येणार आणि आला तर केवढ्याचा येणार. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात.

मी फायली बघायचे तेव्हा बंपर, आरसा, दिव्याची काच असल्या फायली असायच्या पातळ, चार कागद आणि दोन फोटो, दुपारपर्यंत पाच-सहा हातावेगळ्या व्हायच्या. आणि मग एखादी फाईल यायची ती दोरीने बांधलेली, उघडली की हॉस्पिटलची बिलं, परत हॉस्पिटलची बिलं, पाठीच्या कण्याचे एक्स-रे, माणूस कमवायचा किती आणि आता कधीच कमवू शकणार नाही त्याचा हिशोब, घरात व्हीलचेअर फिरायला दारं रुंद करण्याचा खर्च. ती एक फाईल म्हणजे शेकडो बंपर. रात्रीची वेळ, गाडीत चार मित्र, स्पीड, आणि चालवणारा विशीच्या आतबाहेरचा, असं त्या जाड फायलींत वारंवार वाचलंय मी. नेहमी नाही, पण वारंवार. प्रीमियम फुगतो तो या जाड फायलींमुळे, त्यामुळे "बायका पार्किंगमध्ये जास्त घासतात" वगैरे जे विनोद चालतात ते खरे धरले तरी हिशोबात फार फरक पडत नाही.

अजून एक बघायचं, आकडा दर माणशी आहे की दर किलोमीटर. पुरुष सरासरीने गाडी जास्त चालवतात. जास्त चालवली की जास्त ठोकली जाणार, यात पुरुषपणाचा काय संबंध? कंपनी म्हणेल आम्ही वर्षाची पॉलिसी विकतो, आम्हाला वर्षाशी मतलब. ठीक, पण मग जो पोरगा आठवड्यातून एकदा गाडी काढतो त्याने दररोज उंडारणाऱ्याच्या सरासरीत का बसायचं?

आणि आता तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा एका गटातल्या १००० पोरांपैकी वर्षात १०० जण ठोकतात आणि दुसऱ्या गटातल्या १००० पैकी ५०. दुप्पट! ऐकायला भयंकर. पण पहिल्या गटातल्या ९०० जणांनी काहीच केलेलं नाही, ते सुद्धा दुप्पट भरतायत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे संन्याशांची संख्या चोरांच्या नऊपट.

यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९७६ साली एक मजेशीर केस झाली होती, इन्शुरन्सची नाही, बिअरची. ओक्लाहोमात कमी अल्कोहोलची बिअर मुलींना १८ व्या वर्षी विकत मिळायची आणि मुलग्यांना २१ पूर्ण झाल्यावर, कारण काय तर मुलगे पिऊन गाडी चालवतात. सरकारने आकडे दिले, १८ ते २० वयात दारू पिऊन चालवल्याबद्दल पकडले गेलेले मुलगे २ टक्के, मुली ०.१८ टक्के. म्हणजे अकरापट फरक! पण कोर्ट म्हणालं २ टक्क्यांवरून सगळ्या मुलग्यांना एका दावणीला बांधता येणार नाही, आणि तो कायदा उडवला. अकरापट हा आकडा खरा, आणि १०० तले ९८ पकडले गेले नाहीत हाही आकडा खराच. कुठला समोर ठेवायचा ते तुम्ही कुणाच्या बाजूने बोलताय त्यावर.

आता एवढ्यावर मी भाच्याच्या बाजूने निकाल दिला असता, पण बिअर न मिळणं वेगळं आणि इन्शुरन्स वेगळा. इन्शुरन्स हा धंदाच सरासरीचा आहे. कोणाचं घर जळणार हे माहीत नसतं म्हणूनच सगळे मिळून पैसे घालतात. त्यामुळे "मला माझ्यासारख्यांच्या सरासरीवरून मोजू नका" हे तत्त्व पूर्णपणे लावलं तर इन्शुरन्सच उरत नाही. प्रश्न एवढाच की सरासरी कुठल्या डब्याची, म्हणजे कुठल्या गटाची, काढायची.

डबा उघडून आत काय आहे ते बघा

"तरुण पुरुष" हा डबा आहे. उघडा. आत निघतं, नवशिकेपण, कारण लायसन मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, कुठल्याही वयात शिका. मग कोवळं वय, धोक्याचा अंदाज नीट न येणं. मग रात्री उशिरा चालवणं, बरोबर मित्र असणं, दणकट गाडी, जास्त किलोमीटर. आणि सगळं काढून झाल्यावर तळाशी थोडा गाळ उरतो तो पुरुष असण्याचा.

यातल्या बहुतेक गोष्टी थेट विचारता येतात किंवा मोजता येतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन आणलं, नवशिक्याला आधी रात्री उशिरा एकट्याने चालवायला बंदी, मित्रांना बसवून नेण्यावर बंधनं, मग हळूहळू मोकळीक, आणि नंतर बऱ्याच देशांनी ते उचललं. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. धोका जिथे आहे तिथेच बोट ठेवलंय.

आणि वय आणि लिंग या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नका, लोक सर्रास टाकतात. वयाचं असं की प्रत्येकजण त्यातून जातो. आज १९ चा असताना जास्त भरलं, उद्या ४० चा झाल्यावर कमी भरेल, आयुष्याचा हिशोब बराचसा जुळतो. रांगेत सगळ्यांनाच उभं राहायचंय. लिंगाचं तसं नाही, ती रांग पुढे सरकत नाही. आता खरं सांगायचं तर पंचविशीच्या आसपास मुलगा-मुलगी दरातला फरक बऱ्यापैकी विरून जातो, त्यामुळे जन्मठेप वगैरे काही नाही. पण त्या पाच-सात वर्षांत जे जास्त भरलं ते परत मिळत नाही.

"तरुण पुरुष" या लेबलला दुसरा पर्याय आहे का

माझ्या मते खरा प्रश्न हा, आणि तो मी नाही काढलेला. कॅनडात एका विशीतल्या अविवाहित मुलग्याने १९८३ मध्ये तक्रार केली की त्याच वयाच्या मुलीपेक्षा मला जास्त पैसे का. तक्रार फिरत फिरत सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९२ साली निकाल लागला. मुलगा हरला. कोर्टाचं म्हणणं असं होतं की दर ठरवायची पद्धत रुळलेली आणि आकड्यांवर उभी असेल आणि व्यवहारात दुसरा पर्याय नसेल तर चालेल. पण कंपन्यांना हेही ऐकवलं की असली लेबलं टाळायचा प्रयत्न करा, दुसरी माहिती गोळाच करायची नाही आणि मग माहिती नाही म्हणून हात वर करायचे असं कायम चालणार नाही.

तर मग विचारू या, १९९२ मध्ये पर्याय का नव्हता? "माझं रेकॉर्ड बघा ना" असं प्रत्येक पोरगा म्हणतो. ऐकायला अगदी बरोबर. पण एक हिशोब करून बघा, मी भाच्याला कागदावर करून दाखवला. समजा २०० नवशिके आहेत. १०० जपून चालवणारे, त्यांची वर्षात ठोकायची शक्यता ५ टक्के. १०० बेदरकार, त्यांची १५ टक्के, म्हणजे तिप्पट. कपाळावर कुणाच्या लिहिलेलं नाही. एक वर्ष गेलं. जपून वाल्यांतले ९५ कोरे राहिले आणि बेदरकारांतले ८५ पण कोरेच राहिले! म्हणजे "एक वर्ष काही केलं नाही" असं म्हणणारे १८०, त्यातले जपून वाले ९५, म्हणजे ५३ टक्के. सुरुवातीला ५० होते. एका वर्षाच्या कोऱ्या रेकॉर्डने कंपनीला फक्त तीन टक्क्यांची अक्कल आली. तीन वर्षं कोरी गेली तर जपून वाले ८६ आणि बेदरकार ६१, म्हणजे ५८-५९ टक्के. पाच वर्षं गेली तरी ६४.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण, पण अपघात एवढे क्वचित होतात की शीतच हाताला लागत नाही. म्हणून कंपनी लेबलाला चिकटून राहते. दुष्टपणा कमी आणि आंधळेपणा जास्त.

हा कागद बघून भाचा जरा गप्प झाला. पण मग मीच त्याची बाजू घेतली कारण आता आंधळेपणा तेवढा राहिलेला नाही. गाडीत एक छोटा डबा बसवतात किंवा फोनमध्ये ॲप असतं, ते ब्रेक किती करकचून मारला, वळण किती वेगात घेतलं, रात्री किती चालवली, फोन हातात होता का, सगळं नोंदतं. ठोकाठोक वर्षात एकदाही होत नाही, पण ब्रेक दिवसातून शंभर वेळा लागतो. म्हणजे शितं भरपूर, दोन-तीन महिन्यांत माणूस कळायला लागतो. असं मोजायचं साधन हाताशी असताना नुसतं "पुरुष, १९" बघून दर लावणं मला आळस वाटतो, आणि आळसाचे पैसे पोराने का भरावेत.

अर्थात डबा म्हणजे देव नाही. रात्रपाळी करणाऱ्याला रात्री चालवल्याबद्दल मार्क कापले जातात, तो काय हौसेने जातो का. पुढच्याने अचानक कट मारला म्हणून तुम्ही ब्रेक दाबला तर डब्याला फक्त तुमचा ब्रेक दिसतो. आणि तुम्ही कुठे जाता-येता हे कंपनीला कळतं ते वेगळंच. माझ्या भाच्याने बसवून घेतला शेवटी, पहिल्याच महिन्यात जोरात ब्रेक मारल्याचे तीन इशारे आले, हा शपथा घेतोय मी नाही म्हणून. तारीख-वेळ बघितली तर तेव्हा गाडी माझ्या बहिणीकडे होती. तिने अजून कबूल केलेलं नाही.

त्याचे कमी केले तर कोणाचे वाढणार

हे न विचारता कुणी न्यायाच्या गोष्टी करायला लागलं की मला वैताग येतो. क्लेमचे पैसे आभाळातून पडत नाहीत. भाच्याचा प्रीमियम कमी केला की तो फरक कुणाच्या तरी अंगावर जाणार, आणि सगळ्यात आधी त्याच्याच बहिणीच्या. युरोपात नेमकं हेच झालं. बेल्जियममधल्या एका ग्राहक संघटनेने केस केली, १ मार्च २०११ ला युरोपियन कोर्टाने निकाल दिला की लिंगावरून वेगळा दर लावायची जी सूट २००४ च्या नियमात ठेवली होती ती रद्द, आणि मग तरुण मुलींचे दर वर जायची वेळ आली. "मी काही केलंच नाहीये, मी का भरू?" हे भाची म्हणाली तेव्हा मला भाच्याचंच वाक्य ऐकल्यासारखं वाटलं, शब्द सुद्धा जवळपास तेच.

आणि एकट्या कंपनीला चांगुलपणा परवडत नाही हेही समजून घ्या. समजा एकाच कंपनीने ठरवलं की आम्ही मुलगा-मुलगी भेद करणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तमाम मुलगे तिथे धावणार, मुली दुसरीकडे स्वस्त मिळतं म्हणून सोडून जाणार, राहिलेल्यांची सरासरी बिघडणार, दर वाढवावा लागणार, मग उरलेल्या मुलीही जाणार. म्हणून हे कायद्याने सगळ्यांना एकदम लावलं तरच टिकतं.

कायदा केला तरी फरक पूर्ण मिटत नाही बरं का. लिंग विचारायचं नाही म्हणलं तरी गाडी कुठली, काम काय करता, किती किलोमीटर हे विचारता येतंच, आणि मुलगे-मुली त्यात वेगवेगळे असतातच. त्यामुळे मुलगे एकंदरीत जास्तच भरत राहतात, फक्त आता दणकट गाडीसाठी भरतात. याला काही लोक मागच्या दाराने भेदभाव म्हणतात. मला वाटत नाही, निदान गाडीच्या बाबतीत नाही, गाडी बदलता येते. कामाच्या बाबतीत मात्र खटकतं, कारण एखाद्या कामात पुरुषच जास्त आहेत हे ठाऊक असूनच कुणी तो खाना ठेवला असेल तर ते जुनंच सोंग.

कॅनडातल्या अल्बर्टात २०१८ साली एक बातमी गाजली होती, एका तरुणाने कागदोपत्री स्वतःला स्त्री करून घेतलं, कारण वर्षाला साधारण ११०० डॉलर वाचत होते. तेच हात, तीच गाडी, दाखल्यावरची नोंद तेवढी वेगळी. हसून सोडून द्यायची गोष्ट आहे, पण कुठलाही खाना कागदावर बदलला आणि रस्त्यावर काहीच बदललं नाही, तर तो खाना नेमकं काय मोजत होता?

तुमचं तत्त्व दुसरीकडे लावून बघा

मत बनत आलं असेल तर ते उलटं करून तपासा. भाचा म्हणाला लिंगावरून पैसे घेणं कधीच बरोबर नाही. बरं. बायका सरासरीने जास्त जगतात. म्हणून म्हातारपणी महिन्याचं पेन्शन देणाऱ्या योजनांत तेवढ्याच पैशांवर पुरुषाला महिन्याला जास्त आणि बाईला कमी असा हिशोब असायचा. लॉस एंजेलिसच्या एका सरकारी खात्यात बायकांकडून पेन्शनसाठी पुरुषांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त कापून घ्यायचे, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं, म्हणे बायका सरासरीने जास्त जगतात पण ही समोरची बाई जगेलच असं नाही. युरोपातल्या त्या निकालाने पेन्शनच्या दरांतला भेद पण गेलाच. म्हणजे १९ व्या वर्षी ज्या निकालाने मुलग्याचा फायदा झाला त्याच निकालाने पासष्टीत त्याचा तोटा. "चालेल का?" मी विचारलं. भाचा म्हणाला पासष्टीचं पासष्टीला बघू. हे त्या वयाचंच उत्तर झालं.

बहिणीचं तत्त्व होतं, आकडे खरे असतील तर लावा. तेही तपासा. अमेरिकेत १८८१ साली एका मोठ्या लाइफ इन्शुरन्स कंपनीने कृष्णवर्णीयांना तेवढ्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम द्यायचं ठरवलं, कारण त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. होतं ते खरंच. गरिबीने, रोगराईने, गुलामगिरीतून नुकतं सुटल्याने होतं. आकडा खरा असूनही आज ते वाचताना अंगावर काटा येतो. म्हणजे आकडा खरा आहे एवढं पुरत नाही. भाची यावर म्हणाली की तरुण मुलग्यांवर कुणी असला अत्याचार केलेला नाही, आणि हा मुद्दा तिचा मला मान्य आहे, दोन्ही गोष्टी सारख्या नाहीतच. पण "आकडे खरे आहेत" हे शेवटचं वाक्य असू शकत नाही हे तिनेही मान्य केलं.

माझं मत

नवशिक्याला सुरुवातीला जास्त लावा, माझी हरकत नाही, मुलगा असो मुलगी असो. पण ते झपाट्याने उतरलं पाहिजे. फ्रान्समध्ये याची जी पद्धत आहे ती मला आवडते. नव्या ड्रायव्हरला मूळ दरावर जास्तीत जास्त १०० टक्के ज्यादा लावता येतात, एक वर्ष ठोकल्याशिवाय गेलं की ते ज्यादाचे निम्मे, अजून एक गेलं की परत निम्मे. मोठ्या माणसाला शेजारी बसवून आधीपासून शिकला असेल तर सुरुवातच ५० टक्क्यांनी. त्याशिवाय सगळ्यांना एक गुणांक असतो, ज्याने दराला गुणतात, १ पासून सुरू, स्वच्छ गेलेल्या प्रत्येक वर्षाला ५ टक्के उतरतो, चुकीने ठोकलं की २५ टक्के चढतो, खाली ०.५० पर्यंत आणि वर ३.५० पर्यंत. पोराला दिसतं तरी की पुढच्या वर्षी काय होणार आहे आणि ते त्याच्या हातात आहे. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून नियम आणला, आधी तुमचं रेकॉर्ड, मग वर्षाचे मैल, मग अनुभवाची वर्षं, या क्रमाने वजन द्यायचं, बाकी सगळं त्याच्या खाली. तोही क्रम मला पटतो.

लिंगावरून मात्र नको. जिथे दुसरं काहीच मोजता येत नाही तिथे एक वेळ समजू शकते. बहिणीला याने थोडं जास्त पडेल, पडू दे, तिलाही डबा बसवून ते खाली आणता येईल, भावाला मात्र पुरुषपण काढून ठेवता येत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलं आणि दोन दिवस तिने मला फोन केला नाही.

तोपर्यंत पैसे वाचवायचे तर

नियम बदलेपर्यंत प्रीमियम तर भरायचाच आहे. लहान इंजिनची, चोरांना न आवडणारी गाडी घ्या. भारीतली चाकं, मोठा आवाज करणारा सायलेन्सर असलं काही लावू नका, आणि लावलं तर कंपनीला सांगा, लपवलं तर क्लेमच्या वेळी बरोबर सापडतं. किलोमीटर खरे सांगा पण उगाच गोल करून वाढवून सांगू नका. क्लेममधला पहिला काही भाग स्वतः भरायची तयारी दाखवली तर प्रीमियम कमी होतो, पण तेवढे पैसे बाजूला असतील तरच. वर्षाचे एकदम भरता आले तर भरा, महिन्याच्या हप्त्यांत बहुतेक ठिकाणी व्याज दडलेलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कोट काढा, तरुणांच्या दरात कंपनी-कंपनीत फरक बराच असतो.

आई-बाबांना दुसरा ड्रायव्हर म्हणून घातलं तर अनेकदा आकडा उतरतो, ते खरंच चालवत असतील तर खुशाल घाला. पण पॉलिसी आईच्या नावाने, मुख्य ड्रायव्हर आई, आणि गाडी रोज पोरगा नेतो, हे करू नका. ही फसवणूक धरली जाते. अशी एक फाईल माझ्या टेबलावरून गेलेली आहे. आईच्या नावाची गाडी, सीट मात्र सगळ्यात मागे सरकवलेली, काचेवर पोराच्या कॉलेजचा पार्किंगचा स्टिकर आणि डिकीत त्याची क्रिकेटची बॅग. क्लेम नाकारला गेला, आणि त्यानंतर त्या घरात कुणालाही साधी पॉलिसी काढताना "आधी कुणी नाकारली होती का" या खान्यावर अडखळावं लागायचं.

आणि रिन्यूअलच्या महिनाभर आधी वहीतला तो जुना कागद काढून परत एकदा एकेक खाना बदलत बसा. वाढदिवस मध्ये येत असेल तर तो झाल्यानंतरच्या तारखेचाही कोट काढून बघा, आणि डबा बसवला असेल तर वर्षभराचा त्याचा रिपोर्ट मागून घ्या, पुढच्या कंपनीला दाखवता येतो का तेही विचारा. भाच्याचं रिन्यूअल आलंय आता, त्याने बहिणीला पण शेजारी घेऊन बसवलंय कारण तिचं लायसन पुढच्या महिन्यात येतंय.